जुने शब्द टिपू पाहणाऱ्या नवख्यास

वही उघडून ‘एखादा जुना शब्द सांगा’ असे वडीलधाऱ्यांना कधीही विचारू नका. त्यांना त्यांच्या कामाविषयी बोलते करा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर हयात घालवलेले आजोबा चुलवाणात (गुऱ्हाळाच्या भट्टीत) चिपाडे सारण्यापासून काहील (रस उकळण्याची मोठी कढई) उतरवण्यापर्यंतची हकिकत सांगू लागले, की गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर), आदण (एका वेळी काहिलीत उकळायचा रस), मळी (उकळत्या रसावरचा मळ) हे शब्द आपसूक येतात. शब्द सुटा न लिहिता पूर्ण वाक्य त्यांच्याच उच्चारात उतरवावे, हे मी आग्रहाने सांगेन. जुन्या नाण्यांच्या नावांबाबत विशेष जपा: १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वी सोळा आण्यांच्या रुपयात चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची आणि अधेली आठ आण्यांची होती, चवलीला चार आणे समजू नका. आजीबाईंकडे मात्र सर्वांत आधी जा, कारण जाते, उखळ आणि उतरंड (एकावर एक रचलेली मडकी) यांभोवतीची बोली मुख्यतः त्यांच्याच तोंडी उरली आहे.