‘रडू नका, तो प्रभूकडे गेलाय’

पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या आणि पाण्याचा ग्लास बाजूला सारत म्हणाल्या, “मॅडम, मला देवाचा राग येतो. पाळकसाहेबांना सांगता येत नाही, मिस्टरांना तर नाहीच. माझा विश्वास गेला का हो?”

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकला आहे. मी स्वतः शरणपूरच्या मंडळीत लहानाची मोठी झाले, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबं माझ्याकडे जरा मोकळेपणानं येतात. उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण ते या बाईंना पटायला चार महिने लागले. ते कसे गेले हे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं देत नाही.

घर नाशिकरोडला. मिस्टर प्रेसमधून निवृत्त झालेले, त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगी लग्न होऊन पुण्याला. धाकटा मुलगा चोवीस वर्षांचा, मुंबई-आग्रा हायवेवर अपघातात गेला. त्याला चौदा महिने झाले होते. आणि त्या माझ्याकडे आल्या त्याच्या दीड महिना आधी मुलीला बाळ झालं होतं. पहिला नातू. घरात पेढे आले, फोनवर फोन आले आणि यांना दवाखान्यात बाळ हातात घेतल्यावर आठवलं की याला मामा नाही.

“सगळे म्हणतात, एक नेला पण एक दिला, देवाची स्तुती करा. मला ते ऐकवत नाही.”

ऐकवणार तरी कसं? बायबलमधला ईयोब आपली सगळी मुलं गमावतो. त्याच्या पुस्तकाच्या शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात, पण आधीची दहा विसरली असं तिथं कुठं लिहिलेलं नाही. नातू नातवाच्या जागी, मुलगा मुलाच्या. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पर्सवरची बोटं थोडी सैल झाली.

दुसऱ्या भेटीत मात्र माझ्याकडून चूक झाली. शोकाच्या पाच पायऱ्यांबद्दल, म्हणजे नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार यांबद्दल, मी बोलायला लागले. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे मी कितव्या पायरीवर नापास झाले?” शिक्षिकेचाच प्रश्न. मी तिथंच थांबले. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मुळात मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या ओळीनं चढाव्या लागतात असं काही नाही. मला जास्त उपयोगी पडतं ते मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघांनी 1999 मध्ये मांडलेलं. माणूस दुःखाकडे जातो, मग कामाधामाकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे जातो, आणि ही ये-जा हेच सावरणं असतं. सकाळी वर्गात मुलांबरोबर हसणं आणि दुपारी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडणं यात ढोंग काहीच नाही.

एरवी मी समुपदेशनात बायबल उघडत नाही. पण तिसऱ्या वेळी वचन त्यांनीच काढलं. नात्यातल्या एका बाईंनी सांगितलं होतं, ‘आशा नसलेल्यांसारखं रडू नये, असं पौल म्हणतो.’ अंत्यविधीलाही कानात हेच, ‘रडू नका, तो प्रभूकडे गेलाय.’ मी म्हटलं, बायबलमधलं पौलाचं ते पत्र काढून वाचूया. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, तेरावं वचन. त्यांनी मोठ्यानं वाचलं. पौलानं रडूच नका म्हटलेलं नाही. पुन्हा भेटण्याची आशा मनात ठेवून रडणं त्यात बसतं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. आणि लाजराची बहीण मार्था त्याला तोंडावर म्हणालीच होती की तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. तिला त्यानं रागावलं नाही.

मग मी त्यांना घरी एक काम दिलं, 88 वं स्तोत्र रोज एकदा वाचायचं, बस्स. पुढच्या आठवड्यात आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “मॅडम, त्यात शेवटी उजाडतच नाही.”

“नाही उजाडत.”

“आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय?”

त्या दिवशी त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या. वीस-पंचवीस मिनिटं. मी काही बोलले नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आपल्या मंडळ्यांमध्ये भेटायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी खूप होईल, असं मला कळकळीनं वाटतं.

खरी गाठ होती नवरा-बायकोत. अपघातानंतर तिसऱ्याच रविवारी मिस्टरांनी मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली होती की प्रभूनं आम्हाला शांती दिली आहे. ‘आम्हाला’ हा शब्द बाईंच्या काळजात रुतून बसला. तेव्हापासून त्या चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसायच्या, पण गाणं म्हणायच्या नाहीत. मी मिस्टरांना बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजून. “मी रडलो तर ही कोसळेल,” एवढंच पुन्हा पुन्हा.

मी विचारलं, शनिवारी संध्याकाळी घरात काय चालतं? त्यांनी उगाचच खाली पाहिलं. बाई म्हणाल्या, “हे गॅलरीत बसून बूट पॉलिश करतात. पहिल्यापासूनच. बापलेक दोघं करायचे.”

“आता किती जोड करता?”

बराच वेळ उत्तर नाही. मग, “दोन.”

मुलाचे बूट टॅन रंगाचे होते. वडील काळे घालतात. बाई एकदम वळल्या. “ती टॅन पॉलिशची डबी! मी म्हटलं, दुकानदारानं चुकून दिली.” चुकून नव्हती. जुनी संपली म्हणून यांनी नवी आणली होती. चौदा महिने दर शनिवारी, बायको स्वयंपाकात असताना, हा माणूस मुलाचे बूट ब्रश करत होता, फडक्यानं चमकवत होता आणि पेपरात गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवत होता. आणि बाईंना वाटत होतं की याला काही वाटतच नाही.

एका घरातली दोन माणसं एकाच वेळी एकाच जागी नसतात. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. मी मिस्टरांना एवढंच म्हटलं, की साक्ष तुमची खरी असेल, पण ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हणा. ते हो म्हणाले नाहीत. पण जाताना त्यांनी बायकोची पर्स उचलून हातात दिली, आणि हे याआधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये नातवाचा बाप्तिस्मा ठरला. मुलीची इच्छा अशी की बाळानं मामाचंच झबलं घालावं. आजीनं शिवलेलं, पांढऱ्या केंब्रिकचं, गळ्याला क्रोशाची जाळी. ते पेटीत होतं आणि पेटी दीड वर्ष उघडली नव्हती. बाई म्हणाल्या, नाही जमणार. मी म्हटलं, मग नका करू. मुलीला तसं स्पष्ट सांगा, कारणासकट. हे सांगण्यासाठीच त्यांनी मुलीला फोन केला, आणि मायलेकी तासभर रडल्या. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली गेली. झबल्यावर पिवळे डाग पडले होते, ते रिठ्याच्या पाण्यात दोनदा काढावे लागले. बाळ मामापेक्षा गुटगुटीत निघालं. मागचं बटण लागेना, तिथं सेफ्टी पिन लावली.

चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर बसायचं आम्ही आधीच ठरवलं होतं, म्हणजे उठून जाता येईल. गाण्याच्या वेळी त्या एकदा बाहेर गेल्या. परत आल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत मुलाचं नाव घेतलं, तशी विनंती त्यांनीच केली होती.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. वर्ष उलटूनही रोजचं काम होत नसेल, झोप-जेवण पार बिघडलं असेल, गेलेल्या माणसाच्या मागोमाग जावंसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडेही जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्यानं विश्वास उणा होत नाही. या बाईंना औषधं लागली नाहीत. दुसऱ्या कुणाला लागू शकतात.

डिसेंबर लागला तसा नवा प्रश्न आला. गल्लीत चांदण्या लागल्या, करंज्या-शंकरपाळ्यांचे वास सुटले. “नाताळात माझ्यासारखीनं कुठं तोंड लपवायचं?” मी मत्तयाचा दुसरा अध्याय काढला. मागी लोक म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तारा, सोनं, धूप सगळं त्यात आहे, आणि त्याच पानावर राहेल आहे, आपली मुलं नाहीत म्हणून रडणारी, कुणाकडूनही समजूत करून न घेणारी. मत्तयानं तिला नाताळच्या गोष्टीतून बाहेर काढलं नाही. बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “ही दर वर्षी इथंच होती?” एवढंच म्हणाल्या.

चांदणी त्या वर्षी लागली नाही. करंज्या झाल्या, थोड्या.

शेवटच्या भेटीला दोघं आले होते. जाता जाता मिस्टर म्हणाले की आता शनिवारी ही पण गॅलरीत येऊन बसते, बोलत नाही फारसं. टॅन पॉलिशची डबी संपली होती. या वेळी नवी बाईंनी आणली.