छतावर सौर बंब बसवू, की वीज बनवणारी पॅनेल लावून गिझर चालवू?

छतावर जागा कमी आहे आणि तुम्हाला फक्त आंघोळीचं पाणी तापवायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझं मत सौर बंबाला.

हिशेब असा. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 4.65 युनिट उष्णता लागते. लख्ख उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर 5 युनिटच्या आसपास ऊन पडतं. बंब त्यातलं निम्मं जरी पाण्यात उतरवू शकला तरी दोन चौरस मीटर पुरतात. पॅनेल जेमतेम पाचवा हिस्सा वीज करून देतं, म्हणजे साध्या गिझरसाठी पाचेक चौरस मीटर हवेत. गिझरऐवजी हीट पंप लावलात तर मात्र चित्र उलटतं. तो एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो, कारण बाकीची तो हवेतून ओढतो. पण यंत्र महाग आणि थोडा आवाजही करतं.

बंबातही दोन प्रकार. काचेच्या नळ्यांचा बंब थंडीवाऱ्यात सरस, कारण दोन काचांमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता बाहेर पडत नाही. नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला की समजायचं, ती नळी गेली. तांब्याच्या पत्र्याचा सपाट बंब दणकट, पण गार वाऱ्यात उष्णता जास्त गमावतो. नळ्या नाजूक असतात हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. टाकी रिकामी होती, भर दुपारी तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं आणि दोन नळ्या तडकल्या. भरायचं ते सकाळी किंवा संध्याकाळी.

पाणी क्षारयुक्त असेल तर टाकीतलं पाणी थेट नळ्यांत फिरवणारा बंब टाळा. उष्णता-विनिमयक असलेला घ्या, म्हणजे ज्यात नळ्यांत फिरणारं पाणी वेगळंच राहतं आणि वापरायच्या पाण्याला फक्त त्याची उष्णता मिळते.

टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचं अंतरही मोजा. 15 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 20 मीटर पाइपात साडेतीन लिटर पाणी रात्रभर गार होत पडून राहतं. सकाळी आधी तेच अंगावर येतं! पाइपाला वेष्टण घातलं तर पाणी गार व्हायला वेळ लागतो, एवढंच.

आणि पॅनेल आधीच बसवलेली असतील तर तूर्त बंब घेऊच नका. गिझरला टायमर लावा, तो दुपारी चालू द्या, आणि टाकीचं आवरण चांगलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती गरम राहतं ते आठवडाभर बघा.