हळदीची पट्टी आणि रविवारची उपासना

नोकरीधंद्याच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास कसा जगावा, या विषयावर गेल्या अंकात पत्रे मागवली होती. सांगली, मिरज, कुपवाड आणि सातारा येथून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. लेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेक पत्रे पूजा, प्रसाद आणि सुट्टी यांविषयी असताना हे एकच पत्र हिशोबाविषयी होते.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. आमच्याकडे पोत्यामागे अर्धा किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, धरतात. ओलावा, माती, घट अशी कारणे सांगतात. शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीवर, म्हणजे पट्टीवर, मात्र कडता कापून उरलेलेच वजन लिहायचे अशी पद्धत आहे. मालक स्वभावाने चांगले आहेत. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनीच पैसे दिले. मी फक्त सांगितलेले लिहितो. हे पाप माझे की त्यांचे? आणि नोकरी सोडावी का?

उत्तर : निर्णय मालकांचा असला तरी पट्टीवरचे अक्षर आपले असते, आणि त्या अक्षरावर भरवसा ठेवूनच शेतकरी पट्टी खिशात घालून गावाकडची एसटी पकडतो. चुकीचे वजन खरे दिसावे यासाठी जी नोंद लागते ती आपण करता, तेव्हा ‘मी फक्त लिहितो’ एवढ्या म्हणण्याने आपली सुटका होत नाही. आपल्यालाही ते पटलेले नसावे, नाहीतर आपण पत्र लिहायला बसला नसता.

आधी व्यवहार नीट पाहू, कारण अशा बाबतीत घाईने शास्त्रवचने काढून बसणे सोपे असते. बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, वजन वजा करणे रास्त आहे आणि त्याला कोणाची हरकत नसते. ओलाव्याची गोष्ट वेगळी आहे. सौद्याच्या वेळी खरेदीदार पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून पाहतो, ते खणखणीत तुटते की चिवट लागते याचा अंदाज घेतो आणि माल ओला वाटला तर भावच कमी बोलतो. म्हणजे ओलाव्याची भरपाई शेतकऱ्याने भावात आधीच केलेली असते. त्यानंतर वजनातही कापणे हे एकाच ओलाव्याचे पैसे दोनदा घेणे झाले. ४० पोत्यांच्या मालावर पोत्यामागे अर्धा किलो म्हणजे २० किलो, आणि क्विंटलला १५,००० रुपये भाव धरला तर ३,००० रुपये होतात. लावणीपासून काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिशपर्यंत जवळजवळ वर्षभर ज्याने ते पीक सांभाळले, त्याच्या पट्टीतून ही रक्कम कोठेही न दिसता जाते. १९६३ च्या कायद्याखाली चालणाऱ्या बाजार समितीत, ठरवून दिलेल्या खर्चाखेरीज शेतकऱ्याच्या रकमेतून कपात करता येत नाही, हे मालकांनाही ठाऊक असणार. कडता स्वतंत्र ओळीत न लिहिता वजनात मुरवला जातो, त्याचे कारण मला तरी दुसरे दिसत नाही.

आता नोकरी सोडण्याविषयी. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन ‘आम्ही काय करावे’ असे विचारतात. लोकांच्या मनातून पार उतरलेला तो धंदा होता, तरीही योहान त्यांना नाका सोडून अरण्यात या असे सांगत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, इतकेच सांगतो. शिपायांनाही तो जुलूम करून पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे सांगतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कय हा जकातदार अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवतो, पण त्याने काम सोडले असे लूक कोठेही म्हणत नाही. तेव्हा जागा सोडलीच पाहिजे असा शास्त्राचा आग्रह नाही. आग्रह आहे तो मापाविषयी, आणि त्यात मात्र सवलत दिसत नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातील पहिलेच वचन आहे आणि ते आपल्या पेठेतल्या कोणत्याही धर्माच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

माझी सूचना अशी. शेतकऱ्यांसमोर, हमालांसमोर किंवा सौदे चालू असताना हा विषय काढू नये. संध्याकाळी रोकड जुळल्यावर मालक एकटे असतील तेव्हा बोलावे, आणि आपल्या धर्मापासून सुरुवात न करता कामापासून करावी. ‘मालक, काट्यावर जे वजन येते तेच मी पट्टीवर लिहीन, बारदान वजा करायचे ते खाली वेगळ्या ओळीत दाखवीन, आणखी काही कापायचे असेल तर तेही कारणासह त्याच ओळीखाली लिहू, म्हणजे शेतकऱ्याने विचारले तर दाखवता येईल,’ एवढे म्हणून थांबावे. पूर्ण कपात उघडपणे लिहायची वेळ आली की ती लिहिण्याजोगी आहे की नाही याचा निकाल पुष्कळदा तेथेच लागतो. हे धर्मामुळे का, असे त्यांनी विचारले तर ‘हो’ म्हणावे. विचारले नाही तर त्यावर व्याख्यान देऊ नये.

मुलीच्या फीचा उल्लेख आपण केला आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. उपकार करणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते, विशेषतः आपल्याकडे, जेथे मीठ खाल्ल्याची जाण ठेवणे हा मोठा गुण मानला जातो. पण त्या उपकाराची फेड आपण आपल्या पगारातून, आपल्या जादा कष्टातून करू शकता. ती तिसऱ्याच माणसाच्या हळदीतून करण्याचा हक्क आपल्याला नाही. मालकांनी सरळ नकार दिला तर पट्टीचे काम सोडून दुसरे काम मागावे, उदाहरणार्थ उधारी-वसुलीचे किंवा कोल्ड स्टोरेजकडील आवक-जावकीचे. तेही जमले नाही तर दुसरी नोकरी पाहावी, पण ती हाती आल्यावरच ही सोडावी. लेकरांच्या जेवणाची सोय न पाहता राजीनामा फेकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, आणि ते महिनाअखेरीला घरी फिरकणार नाहीत. बाजार समितीकडे तक्रार करण्याचा मार्ग शेतकऱ्याला आणि आपल्यालाही मोकळा आहे. तो वापरणे म्हणजे विश्वासघात नव्हे, मात्र आधी मालकांशी समोरासमोर बोलणे झालेले असावे.

प्रश्न : मी सातारच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात इंजिनिअर आहे. खंडेनवमीला आमच्या विभागात मशीनची पूजा होते, आणि यंदा सर्वांत नवीन म्हणून आरतीचे ताट माझ्या हाती देणार असे ठरले आहे. नकार दिला तर सगळे दुखावतील, ताट घेतले तर चर्चच्या मंडळीत बोलले जाईल. प्रसादाचे काय करावे?

उत्तर : मंडळीत काय बोलले जाईल याची चिंता येथे बाजूला ठेवा, हा प्रश्न आपला आणि प्रभूचा आहे. हजर राहणे, मदत करणे आणि स्वतः पूजा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. २ राजे, अध्याय ५ मध्ये इस्राएलाच्या देवाचा भक्त झालेला अरामी सेनापती नामान आपल्या राजाला रिम्मोन या दैवताच्या मंदिरात हात धरून नेताना आपल्यालाही वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे संदेष्टा अलीशाला विचारतो. अलीशा त्याला नियम सांगत बसत नाही, ‘शांतीने जा’ म्हणतो. यावरून काहीही चालते असा अर्थ काढू नये, पण चाकरीतल्या माणसाची ओढाताण संदेष्ट्याला कळत होती एवढे नक्की.

आरती ओवाळणे ही पूजा आहे, ती आपण करू नये असे मला वाटते. मशीन पुसणे, ग्रीस काढणे, झेंडूची तोरणे बांधणे, सर्वांचा फोटो काढणे आणि चहाची व्यवस्था पाहणे यांत आपण पुढे असावे, किंबहुना इतरांपेक्षा चार पावले पुढे असावे. ज्या लेथवर वर्षभर काम केले तिची एक दिवस निगुतीने साफसफाई करणे यात ख्रिस्ती माणसाला खटकण्यासारखे काही नाही. नकार सुपरवायझरला आठवडाभर आधी, एकट्याला गाठून कळवावा. ताट समोर आल्यावर मागे सरकणे हा मात्र सर्वांचा अपमान ठरेल. प्रसादाबद्दल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे आठवे आणि दहावे अध्याय एकत्र वाचावेत. प्रामाणिक ख्रिस्ती लोकांनी ते वाचून वेगवेगळे निर्णय घेतले आहेत. आपला पेढ्याबाबतचा निर्णय काहीही असो, शेजारच्याच्या निर्णयावर टीका करू नये.

मंडळीतील ज्येष्ठांना तोरणेही खटकली, तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण करून द्यावी. त्यांनी १९१७ मध्ये आपल्याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, आणि ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण टाकावे लागते हे त्यांना कधीच मान्य नव्हते. झेंडूचे फूल कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही.

प्रश्न : कुपवाडला माझे छोटे वर्कशॉप आहे. देवाच्या कृपेने कामे भरपूर असतात, ऑर्डर असली की पोरे बारा-बारा तास थांबतात. शिफ्ट सुरू होण्याआधी सर्वांसाठी प्रार्थना आणि वचनवाचन सुरू करावे अशी इच्छा आहे. कामगारांत ख्रिस्ती कमी आहेत, पण कोणी नाही म्हणणार नाही.

उत्तर : कोणी नाही म्हणणार नाही, हीच अडचण आहे. ज्याच्या हातून पगार मिळतो त्याने दिलेले निमंत्रण हुकमासारखेच ऐकू येते, आणि हुकमाने जोडलेल्या हातांची किंमत आपल्यालाही कळते. आपण केबिनमध्ये एकट्याने प्रार्थना करावी. कोणी आपणहून आले तर दार उघडे असावे, आले नाही तर ते कामाच्या वाटणीत कधीही दिसू नये.

आपल्या पत्रात प्रार्थनेविषयी बरेच लिहिले आहे, त्या बारा तासांच्या मजुरीविषयी मात्र एक ओळही नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो का, भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जातो का, हे आपल्याला विचारावेसे वाटते. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, असे लेवीय १९ मध्ये आहे, आणि शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो. सर्व चुकते होत असेल तर मी हे विचारल्याबद्दल राग मानू नये.

प्रश्न : मी मिरजेत नर्स आहे. रुग्णासाठी प्रार्थना केली तर चालेल का? आणि रविवारच्या ड्यूटीमुळे उपासना चुकते, त्याचे काय?

उत्तर : मनातल्या मनात प्रार्थना करायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्याने करायची ती रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतःहून मागितली तरच, आणि रुग्णालयाचा नियम पाहून. खाटेवर पडलेल्या माणसाला नको असले तरी उठून जाता येत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावाने ख्रिस्ती सेवेला ओळखले ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि ड्रेसिंगच्या ट्रेवर. आपल्या वॉर्डात ड्रेसिंग वेळेवर आणि हलक्या हाताने होत असेल तर बाकीचे आपोआप विचारले जाईल.

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी बरे केल्याबद्दल येशूवरच आक्षेप घेतला गेला होता, तेव्हा रविवारच्या ड्यूटीचे ओझे मनावर घेऊ नये. संध्याकाळची उपासना असेल तर तिला जावे, नसेल तर आठवड्यातील घरगुती प्रार्थनासभा धरावी. ड्यूटी लावणाऱ्या सिस्टरशी बोलून इतरांच्या दिवाळीत आणि ईदेला आपण काम करावे व त्याबदल्यात ईस्टरचा रविवार मागावा, हा जुना आणि चालणारा मार्ग आहे. खासगी आस्थापनांत काम करणाऱ्या इतर वाचकांसाठी एक माहिती : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांखेरीज आणखी चार सणांच्या भरपगारी सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या असतात. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि नाताळ त्या चारांत यावेत असे वाटत असेल तर तसा लेखी अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच, यादी फलकावर लागण्यापूर्वी द्यावा.