विमानांचं वेड असलेल्याने पायलट व्हावं का? रोज उडून ते वेड शिल्लक राहतं का?

वेड शिल्लक राहतं, पण नोकरीत त्याला वाव फार कमी मिळतो.

तुम्ही लिहिलंय की नुसत्या आवाजावरून तुम्हाला विमान ओळखता येतं, डोक्यावरून काही गेलं की विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आता यातच करिअर करावं असं वाटतंय. मी एअरलाइनमध्ये पायलट आहे, कमी पल्ल्याची दोन इंजिनांची जेट विमानं उडवतो. विमानं आवडणं आणि विमान चालवायची नोकरी आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझं मत झालंय. पहिली आहे म्हणून दुसरी असेलच असं धरून चालू नका.

विमानात जेवढी ताकद आहे त्यातली शक्य तितकी कमी वापरायची, हे आमचं काम. टेकऑफच घ्या. टर्मिनलच्या काचेतून बघणाऱ्याला वाटतं, इंजिनं जीव खाऊन ओढतायत. बहुतेक वेळा तसं नसतं. धावपट्टी पुरेशी लांब आणि वजन आटोक्यात असेल, तर आम्ही कंप्युटरला चक्क खोटं तापमान सांगतो. बाहेर ३० अंश असताना ५५ टाकलं, की हवा तेवढी गरम आहे असं धरून इंजिन कमी जोर लावतं. तापतं कमी, झिजतं कमी, कंपनीचा खर्च वाचतो. अडीअडचणीला पूर्ण जोर हाताशी असतो, लिव्हर पुढे ढकलायचा अवकाश. वळतानाही तोच प्रकार. पंख सहसा २५ अंशांपलीकडे झुकत नाहीत, ३० म्हणजे डोक्यावरून पाणी. ३० अंशांच्या वळणात तुमचं वजन जेमतेम १५ टक्क्यांनी वाढल्यासारखं वाटतं; विमानाचा सांगाडा मात्र अडीचपट भार सोसेल असा बांधलेला असतो. त्या मधल्या भागात आम्ही पाऊलही ठेवत नाही. ठेवलंच, तर विमानातला डेटा रेकॉर्डर चुगली करतो आणि ऑफिसातून फोन येतो.

१९५५ साली बोइंगचा टेस्ट पायलट टेक्स जॉन्स्टन याने सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर, बोटींच्या शर्यती बघायला जमलेल्या गर्दीसमोर, ‘डॅश ८०’ला हवेत गर्रकन पूर्ण गिरकी घ्यायला लावली. डॅश ८० म्हणजे बोइंग ७०७ ज्याच्यावरून आलं तो प्रोटोटाइप. विमानवेड्यांत हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो, मीही सांगतो. पण शेजारच्या सीटवरच्या फर्स्ट ऑफिसरच्या अंगात टेक्स जॉन्स्टन संचारला असेल, तर मला त्याच्यासोबत ड्युटी नको.

मग डोकं कुठे लागतं? इंधनात लागतं. उतरायच्या ठिकाणी वादळी ढगांचा अंदाज आहे, कंपनीच्या फ्लाइट प्लॅनमध्ये एक आकडा आलाय, आणि तेवढ्यावर जायचं की अर्धा-एक टन जास्त घ्यायचं, हे कॅप्टनने ठरवायचं. जास्तीचं इंधन फुकट वाहून नेता येत नाही. त्यातलं तासाला साधारण ३ ते ४ टक्के ते स्वतःच उचलून नेण्यात जळतं. घेतलं आणि लागलं नाही, तर कुणालातरी ती उधळपट्टी वाटते. नाही घेतलं आणि वर घिरट्या घालायची वेळ आली, तर काट्याकडे बघत बसायचं. माझ्या मते चांगला पायलट इथे कळतो, आणि इथे टाळ्या वाजवायला कोणी नसतं. कॅमेरा घेऊन कुंपणाशी उभं राहणाऱ्याला तर हे दिसणंच शक्य नाही.

तुम्हा मंडळींना विमानांबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, हेही खरं. विमान आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवर सतत सांगत असतं, आणि हौशी लोकांनी आपापल्या घरी बसवलेले रिसीव्हर ते पकडून ट्रॅकिंगच्या वेबसाइटना पुरवतात. या जोरावर एखादा शाळकरी पोरगा मला सांगू शकतो की मी आज जे विमान चालवतोय ते आधी कुठल्या कंपनीत होतं आणि काल रात्री कुठे उभं होतं. मला नाही माहीत, आणि माहीत करून घ्यायला वेळही नसतो. मी कॉकपिटमध्ये शिरल्यावर टेक्निकल लॉग, म्हणजे विमानातल्या बिघाडांची वही, उघडतो आणि बघतो, काय बिघडलंय, कुठली दुरुस्ती पुढे ढकललीय, त्याचा आज मला काय त्रास होणार आहे. २०२१ मध्ये एअरबसचं शेवटचं ए३८० कारखान्यातून दिलं गेलं, २०२३ च्या जानेवारीत बोइंगचं शेवटचं ७४७, दोन्ही अवाढव्य विमानं. विमानप्रेमी हळहळले. आमच्या क्रू रूममध्ये त्या दोन्ही वेळी बहुधा पुढच्या महिन्याच्या रोस्टरवरच वाद चालू असावा.

रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात सांगतो. झोप मोडते. एका आठवड्यात पहाटेचं रिपोर्टिंग आणि मध्यरात्रीचं लँडिंग दोन्ही येतं, सणवार आपल्यासाठी थांबत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून तुमचं इंजिन पेटवतात, हायड्रॉलिक्स काढून घेतात. नापास झालात तर पुन्हा पास होईपर्यंत उडणं बंद. हौसेच्या जोरावर हे निभत नाही, ज्याला शिस्तीचा कंटाळा येत नाही त्याचंच निभतं.

तरी वेड जात नाही. माझं कुठे जिवंत आहे सांगू? एक म्हणजे वॉकअराउंडमध्ये. उड्डाणाआधी विमानाभोवती एक फेरी मारून ते डोळ्यांखालून घालायचं असतं. चाकाशी वाकून बघितलं की ब्रेकमधून काडीएवढी धातूची पिन बाहेर आलेली दिसते. ब्रेक झिजत जातो तशी ती आत सरकते. पार्किंग ब्रेक लावलेला असताना ती कडेच्या बरोबरीला आली, की ब्रेक बदलायचा. वर कॉकपिटमध्ये एवढे स्क्रीन, आणि ब्रेक किती उरलाय ते बघायला खाली वाकून एक पिन! मला ते दरवेळी आवडतं.

दुसरं म्हणजे आडव्या वाऱ्यातलं लँडिंग. ‘हल्ली सगळं ऑटोपायलटच करतो ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो, बहुतेक लँडिंग हातानेच होतात. ऑटोलँड, म्हणजे ऑटोपायलटने केलेलं लँडिंग, प्रामुख्याने धुक्यासाठी असतं, आणि आडव्या वाऱ्याची त्याची मर्यादा आमच्या मर्यादेपेक्षा कमी असते. वारा बाजूने जोरात असला की विमान नाक वाऱ्याकडे करून तिरकं तिरकं खाली येतं. धावपट्टी समोर दिसायच्या ऐवजी बाजूच्या काचेकडे सरकलेली असते. उंची सांगणारा यांत्रिक आवाज ‘थर्टी’ (३० फूट) म्हणतो त्या सुमारास पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक रेषेत आणायचं. तसं केलं की वाऱ्याकडचा पंख उचलू लागतो, त्याला साइडस्टिकने (हाताशी असलेल्या दांड्याने) धरून ठेवायचं, नाक किंचित वर, इंजिनांचा जोर कमी. सगळं मिळून चार-पाच सेकंद. वाऱ्याकडची चाकं आधी टेकतात, मग दुसरी. मागे बसलेल्यांना धक्का जाणवतो आणि ते म्हणतात, आज पायलट कच्चा होता. ओल्या धावपट्टीवर तर आम्ही मुद्दाम ठामपणे टेकवतो, म्हणजे टायर पाण्याचा थर फोडून जमीन धरतात, चाकं लगेच फिरतात आणि पंखांवरचे स्पॉइलर, म्हणजे पंखांची उचल मोडणाऱ्या फळ्या, उघडतात. लोण्यासारखं लँडिंग हे चांगल्या लँडिंगचं माप नाही, हे एकदा सगळ्या प्रवाशांना ओरडून सांगायची माझी फार इच्छा आहे.

आणि हो, दृश्यं. खालच्या ढगांवर पळणारी आपलीच सावली आणि तिच्याभोवती इंद्रवज्राचं कडं, किंवा वादळाजवळून जाताना काचेवर नाचणाऱ्या जांभळ्या ठिणग्या. त्यांची सवय होत नाही.

आता हौसेचा नोकरीला काही उपयोग आहे का? आहे, आणि तो मोठा आहे. १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान पौंड आणि किलोच्या गोंधळात अपुरं इंधन घेऊन निघालं आणि ४१,००० फुटांवर असताना कोरडं पडू लागलं. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर पायलट होते. कॅनडातल्याच गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरताना उंची जास्त झाली, तेव्हा त्यांनी एवढं मोठं जेट ग्लायडरसारखं आडवं घसरवून उंची घालवली. सगळे वाचले. याच्या उलट २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना एअरलाइन्सचं ७७७. हवा स्वच्छ, फक्त ग्लाइडस्लोपचा, म्हणजे किती उतारावर खाली यायचं ते दाखवणारा रेडिओ सिग्नल, कामामुळे बंद. इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणारा ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय अशा समजात विमान हळू आणि खाली जात राहिलं, आणि धावपट्टीआधीच्या बंधाऱ्याला शेपूट आपटली. तिघे गेले. अपघाताला एकच कारण कधीच नसतं, पण हाताने उडवायची सवय मोडू देऊ नये, ही गोष्ट त्यानंतर आमच्या प्रशिक्षणात वारंवार बजावली जाते. ज्याला मुळात उडवणं आवडतं तो ऑटोपायलट काढायची संधी शोधत असतो. बाकीचे त्या संधी टाळतात.

तेव्हा तुमच्यासाठी सल्ला असा. फ्लाइंग स्कूलचा एक पैसाही भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाची एखादी बारीक तक्रार लाखो खर्च झाल्यावर कळू नये. जवळपास ग्लायडिंग क्लब असेल तर आधी तिथे जा. इंजिन नसलेलं विमान उंची आणि वेगाचा हिशेब जितक्या लवकर शिकवतं तितकं दुसरं काही शिकवत नाही, आणि तिथे तासन्‌तास दुसऱ्यांचे ग्लायडर ढकलायला कंटाळलात, तर आमच्या नोकरीतल्या स्टँडबायचं, म्हणजे बोलावणं येईल म्हणून तयार बसून राहण्याचं, काय होणार ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि तुमचं वेड मुख्यतः यंत्राचं असेल, म्हणजे आत काय आहे, कसं चालतं, का बिघडतं, तर मेंटेनन्स इंजिनिअरच्या लायसन्सचा जरूर विचार करा. आमच्यापैकी बहुतेकांनी आपण चालवत असलेल्या इंजिनाचं आवरण उघडून आत कधी हात घातलेला नसतो.