डब्याच्या वेळी संपणाऱ्या कथा

*ताई, वय ४४, सहकारी बँकेत नोकरी. पूर्वी कथा लिहायचे. नऊ कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. चार वर्षांपूर्वी खेड्यातल्या शाखेतून मुख्य शाखेत बदली झाली (खेड्यात आम्ही तिघंच, साहेब जेवायला घरी जायचे, शिपाई टपरीवर), तेव्हापासून एक कथा पुरी झालेली नाही. मुलगा बारावीला, सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, यजमानांची शिफ्ट. तरी पहाटे पाचला उठते. यजमानांनी खिडकीपाशी टेबल करून दिलंय, दिवा आणलाय. कोरं पान बघत बसते आणि सहा वाजले की कुकर लावते. विषय सुचत नाहीत असं नाही. परवाच डबा खाताना लॉकर उघडायला येणाऱ्या एका आजींची गोष्ट सांगितली, तर कॅशियर बाईंचा घास हातातच राहिला. बहिणाबाईंना जात्यावर सुचायचं, मला टेबलावर सुचत नाही. एका संपादकांनी जुलैअखेर कथा मागितली आहे. त्याआधी पुण्यात दोन दिवसांची लेखन कार्यशाळा आहे, जाऊ का? – कोरडी विहीर*

(आजींच्या गोष्टीचा शेवटही पत्रात होता. तो मी मुद्दाम गाळला आहे.)

अहो कोरडी विहीर,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. त्यात टेबलाला अर्धं पान, गुडघ्यांना एक पान आणि कॅशियर बाईंच्या घासाला एक ओळ. मला तेवढी ओळ पुरली.

तो घास हातात राहिला ना, तिथेच तुमची कथा संपली. पहाटे पाचला तुम्ही कथा लिहायला बसतच नाही. सांगून झालेली गोष्ट उतरवून काढायला बसता. कुठे थांबायचं, कुठे दचकवायचं, शेवट काय, सगळं आदल्या दुपारी ठरून गेलेलं. शिवाय दुपारी तुमच्याकडे आवाज होता, हातवारे होते, ‘आणि मग काय झालं माहितीये?’ म्हणून घेतलेला दम होता. कागदावर यातलं काही नाही. त्यापुढे पहिलं वाक्य मिळमिळीत वाटणारच. तुम्ही ते खोडता आणि आपल्याला सुचत नाहीये असं समजून रडत बसता.

माणूस कथा लिहितो ती कुणाचा तरी घास थांबावा म्हणून. ती हाव मोठी असते, तिच्यापायी एकेका परिच्छेदाशी आठवडाभर झटता येतं. तुमची हाव दुपारी दोन वाजता पाच मिनिटांत भागते. मग पहाटे उठून कशासाठी झटाल?

खेड्यातल्या शाखेत तुम्ही डबा एकट्या खायचात. हे तुम्ही कंसात लिहून पुढे निघून गेलात. तेव्हा मुलगा लहान होता, सासरे अंथरुणाला खिळलेले, टेबल नव्हतं, ओट्यावर वही ठेवून लिहायचात. हेही तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे अडचणी जास्त होत्या तेव्हा कथा नऊ, आणि आता टेबल आहे, दिवा आहे, तर कथा शून्य. गुडघ्यांना आणि बारावीला कशाला मध्ये आणता? बदललं एवढंच, की डब्याला सोबत आली.

त्या आजींचंच घ्या. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. बँकेची किल्ली तुम्ही फिरवता आणि बाहेर येता. आत त्या काय करतात ते तुम्हाला दिसत नाही, दिसायचंही नसतं. रजिस्टरात राहते फक्त सही आणि वेळ. कथा लिहिणाऱ्या बाईला यापेक्षा काय हवं? त्या खोलीबाहेर तुम्हाला महिनाभर उभं राहता आलं असतं. आत काय चाललं असेल याची चार उत्तरं सुचली असती, लिहिता लिहिता तीन खोटी पडली असती आणि चौथ्याने तुम्हालाच चकवलं असतं. पण समोरच्या बायका ‘मग, मग?’ करत होत्या, म्हणून हाताला लागलं ते पहिलं उत्तर तुम्ही देऊन टाकलंत. मलाही चार ओळींत देऊन टाकलंत. चांगलं आहे हो. पण पहिलंच आहे.

बहिणाबाईंना तर यात ओढूच नका. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणायच्या ती गाणी छंदात बांधूनच बाहेर पडायची. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ती ऐकून वहीत उतरवली, आणि बाई गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक झालं. ‘आज मला एक भारी सुचलंय’ असं त्या शेजारणीला सांगत बसल्याचं काही माझ्या वाचनात नाही. तुम्ही म्हणाल, शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत हिंडलेच की! हिंडले, पण लिहून झालेल्या कथा घेऊन हिंडले. आधी काय आणि नंतर काय, तेवढं बघा.

तेव्हा विहीर कोरडी वगैरे काही नाही. रोज दोन वाजता उपसा चालू आहे, इतकंच.

कार्यशाळेला जाऊ नका. पहिल्याच सत्रात ‘आपला विषय थोडक्यात सांगा’ म्हणतील आणि तुम्ही सांगाल. फार रंगवून सांगाल.

लॉकरच्या आजींना सोडून द्या, त्या गेल्या. पुढचा विषय सुचला की तोंड मिटायचं. कथा शेवटच्या ओळीपर्यंत लिहून होत नाही तोवर कॅशियर बाईंना नाही, यजमानांना नाही, फोनवरच्या बहिणीला नाही. ‘एक जबरदस्त सुचलंय, नंतर सांगते’ हेसुद्धा नाही. तेवढ्यानेही अर्धी हाव भागते. डब्याला बदल्या, महागाई भत्ता आणि कुणाच्या तरी मुलीचं लग्न हे विषय पुष्कळ झाले.

हे सोपं जाईल असं मी म्हणत नाही. दिवसभर व्हाउचरं तपासणाऱ्या बाईकडे त्या पाच मिनिटांत चार माणसं जेवण विसरून बघतात. घरी असं कोण बघतं? टेबल करून देणारा नवरा आहे, पण ‘मग, मग?’ करणारं कुणी नाही, हे तुम्ही न लिहिताही मला कळलं. म्हणून तर ती सवय लागली. ती सोडताना पहिले काही दिवस डबा गोड लागणार नाही. ‘काय हो, आज गोष्ट नाही?’ असं त्या विचारतील, एखादी रुसेलही. रुसू दे. नाही म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. चार दिवसांनी सांगण्यावाचून जीव कासावीस होईल. तसाच कासावीस जीव घेऊन पहाटे टेबलाशी बसा आणि कागदाला सांगा. तो ‘मग?’ म्हणणार नाही, म्हणून तुम्हालाच पुढचं शोधावं लागेल.

१९०९ सालापासून मराठीत दिवाळी अंक निघतायत आणि कथा द्यायला माणसं त्यांच्या दारात रांग लावतायत. तुमच्याकडे संपादक स्वतः मागतायत. त्यांना आजच कळवा की जुलैअखेर कथा मिळेल. ‘विषय काय?’ म्हणून ते विचारतील. सांगू नका.