निवृत्तांची कार्यशाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, दोघे हौशी सुतार. कमिटी दहा बाय बाराची एक खोली द्यायला तयार आहे. परदेशात ‘मेन्स शेड’ (निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन काम करायच्या कार्यशाळा) असतात तसं काही करता येईल का? सुरुवातीला काय काय घ्यावं?
— एक वाचक, नेरूळ

नक्की करता येईल. ही कल्पना ऑस्ट्रेलियातली, १९९०च्या दशकातली. तिथल्या शेडची देशव्यापी संघटना २००७मध्ये झाली आणि पुढे ती चळवळ आयर्लंड-ब्रिटनमध्ये पसरली. मूळ विचार असा की पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत. खांद्याला खांदा लावून काही काम करताना मात्र बोलतात. म्हणून आधी काम ठरवा, गप्पा आपोआप येतील. ‘ज्येष्ठांसाठी विरंगुळा’ असा फलक लावलात तर हाताला कसब असलेली माणसं दारावरूनच परततील.

दहा बाय बारामध्ये एका वेळी चार, फार तर पाच जणांनीच उभं राहून काम करावं. बाकीचे बसून करायच्या कामाला. टेबलं दोन करा : एक उभ्याने कामाचं, साधारण ३४ इंच उंचीचं, भिंतीला बोल्टने आवळलेलं, दुसरं नेहमीच्या जेवणाच्या टेबलाएवढं, खुर्च्यांसकट. गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्या टेबलावर सोल्डरिंग, स्क्रू लावणं, पॉलिश पेपर मारणं ही कामं तासभर आरामात करतो. ते टेबल नसेल तर तो महिन्याभरात यायचा बंद होतो.

हत्यारं घेताना मोह आवरा. पहिल्या सहा महिन्यांना हे पुरतं : चार इंची बेंच व्हाइस एक, जी-क्लॅम्प सहा, करवती दोन, लोखंड कापायची हॅक्सॉ एक, रंधा एक, पटाशा अर्धा, पाऊण आणि एक इंची, गुण्या दोन, कानशी तीन (चपटी, अर्धगोल, गोल), हातोड्या दोन, स्क्रूड्रायव्हरचे दोन संच, पक्कड आणि कटर, मल्टिमीटर, १३ मिलिमीटरचं ड्रिल मशीन एक, सोल्डरिंग आयर्न दोन. क्लॅम्पवर काटकसर करू नका. पकड नसलेली फळी कापताना जितके हात कापतात तितके दुसऱ्या कशानेही कापत नाहीत. टेबल-सॉ (टेबलात बसवलेली विजेची गोल करवत) पहिल्या वर्षी घेऊच नका, आणि अँगल ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती कधीही लावू नका. ती अडकली की मशीन हातातून उसळतं, आणि गार्ड काढलेला असेल तर थेट चेहऱ्याकडे येतं.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. खोलीला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग हवं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं काम एकाच्या नावावर लिहून द्या. कमिटी देऊ करते ती जागा मीटर-रूमला लागून असेल किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये असेल तर नम्रपणे नकार द्या : थिनर, लाकडाचा भुसा आणि मीटर एका भिंतीआड नकोत.

भिंतीवर प्लायचा फळा लावा आणि प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा त्यावर रंगवा. संध्याकाळी कुलूप लावताना रिकामी जागा लगेच दिसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात रंध्याचं पातं आठवडाभरात गंजतं. मशीन ऑइलचं फडकं फिरवून ते झाकणाच्या डब्यात ठेवायची सवय जूनच्या आधीच लावा.

प्रश्न : आमच्या गटाने शाळेसाठी चिमण्यांच्या पेट्या केल्या. पहिल्याच पावसात त्या उकलल्या आणि एकीतही चिमणी आली नाही. आता दुसरी शाळा २५ पेट्या मागते आहे. कुठे चुकलं?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

पेट्या उकलल्या याचा अर्थ एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) किंवा साधा कमर्शिअल प्लाय वापरला. बाहेर टांगायच्या वस्तूला मरीन प्लायच लागतो. त्यावर ‘आयएस ७१०’ असा शिक्का पाहून घ्या. १२ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये २५ पेट्या निघतात.

रबाळे-महापेच्या भंगारवाल्यांकडे पाइनचे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्तात मिळतात, तेही चालतील. पण पॅलेटवरचा शिक्का वाचा : ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते सोडा. रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो. पॅलेटची फळी १२ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर खालची मापं त्या हिशेबाने बदला.

एका पेटीची मापं, सगळी मिलिमीटरमध्ये : पाठ १४९ बाय ३००, पुढची फळी १४९ बाय २२०, तळ १२५ बाय १२५, छप्पर २०० बाय २००. दोन बाजू १२५ रुंद, मागे २५० उंच आणि पुढे उतरत २२० वर आलेल्या. पाठीचे खालचे ५० मिलिमीटर तळाच्या खाली मोकळे राहतात. तिथे भिंतीचा एक स्क्रू, दुसरा पेटीच्या आतून वर. पुढच्या फळीच्या वरच्या काठाला रंध्याने छपराचा उतार द्या, नाहीतर तिथे फट राहून पाणी आत उतरतं.

भोक ३२ मिलिमीटरचं, त्याचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या काठापासून १६० वर. ते होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडताना मागे टाकाऊ फळी दाबून धरा, म्हणजे प्लायचे कपचे उडत नाहीत. भोक ४० चं झालं की साळुंकी डोकावते. भोकाखाली बसायची काडी अजिबात नको. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र आयता टेकू मिळतो. पुढच्या फळीला आतून, भोकाच्या खाली, करवतीने आडव्या खाचा मारा. गुळगुळीत प्लायवर पिल्लांचे पाय ठरत नाहीत. तळाला ६ मिलिमीटरची चार भोकं पाडा, आत शिरलेलं पाणी निघून जातं.

एक बाजू उघडणारी हवी. ती वरून ५ मिलिमीटर कमी कापा. पुढच्या आणि मागच्या फळीतून, वरच्या बाजूला समोरासमोर एकेक स्क्रू मारला की तीच बिजागरी. खाली एक स्क्रू कुलपासारखा. वरच्या फटीतून हवाही खेळते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी, ६ नंबरचे, सव्वा इंची, आणि आधी २.५ मिलिमीटरचं भोक पाडून. प्लायच्या काठात थेट खिळा ठोकला की थर सुटतात. तुमच्या पेट्या उकलण्याचं ते दुसरं कारण असणार. कापलेल्या सगळ्या कडांना वॉटरप्रूफ फेव्हिकॉल चोळून वाळू द्या, मग बाहेरून फिक्या रंगाचे दोन हात. आतून रंग नको. गडद रंगाची पेटी एप्रिलच्या उन्हात तापते आणि पिल्लं दगावतात.

२५ नगांसाठी फर्मा करा. प्लायच्या तुकड्यावर भोकांच्या जागा पक्क्या करून घ्या आणि प्रत्येक फळी त्यात सरकवून ड्रिल मारा. एकाने आखणी, दोघांनी कापणं, एकाने भोकं, दोघांनी बसून जोडणी अशी साखळी लावली की कामही वाटलं जातं आणि मापही हलत नाही.

आता चिमणी का आली नाही ते. शाळा २० मार्चच्या चिमणी दिनासाठी पेट्या मागतात आणि मार्चमध्येच टांगतात. तोवर बऱ्याच जोड्यांनी जागा धरलेली असते. जानेवारीअखेर पेट्या लागल्या पाहिजेत. उंची आठ ते दहा फूट, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. नैऋत्येकडे तोंड असलं की पावसाचा मारा सरळ भोकात. चिमण्या शेजाराने राहतात, म्हणून दोन-तीन पेट्या जवळजवळ लावा. आणि शाळेला स्पष्ट सांगा : पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडे लागतात, तांदूळ नाही. आवारात मेंदीचं कुंपण, अडुळसा, तगर असं काही नसेल आणि औषध फवारणी चालू असेल तर कितीही सुबक पेटी रिकामीच राहील. वीण संपल्यावर पेटी उघडून जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. आत हालचाल असेल तर हात लावू नका.

प्रश्न : रविवारी ‘दुरुस्ती दिवस’ ठेवायचा आहे. लोक काहीही घेऊन येतील. काय घ्यावं, काय परत पाठवावं? पंखे सगळ्यांत जास्त येतील असं वाटतं.
— एक वाचक, ऐरोली

मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गॅसच्या शेगड्या आणि जुने पेटीवाले टीव्ही परत पाठवा. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या आसपास काम करतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. अनुभवी इलेक्ट्रिशियनलाही रविवारच्या गर्दीत तो उघडू देऊ नका.

पंखा मात्र घ्या, पण खाली उतरवलेला. कुणाच्या घरी जाऊन शिडीवर चढायचं काम शेडचं नाही. ‘हळू फिरतो’ ही तक्रार असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. पाती हाताने फिरवून पाहा. मोकळी फिरतात, चालू केल्यावर नुसती गुणगुण होते आणि हाताने ढकललं की पंखा चालतो? मग कपॅसिटरच. पाती हातालाच जड लागली तर बेअरिंग. वरची वाटी काढून कपॅसिटर सोडवा, दोन टोकांना रोधक (रेझिस्टर) लावून डिस्चार्ज करा, मग मीटरवर मोजा. साध्या पंख्यात २.५ मायक्रोफॅरडचा असतो. दोनच्या खाली आला असेल तर बदला. आहे तेवढ्याच मायक्रोफॅरडचा लावा. जास्त वेग मिळावा म्हणून मोठा लावला की वाइंडिंग तापतं. बेअरिंग बदलताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच आणा, ६२०१ आणि ६२०२ हे नेहमीचे. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्यात हा कपॅसिटरच नसतो, आत सर्किट असतं, ते कंपनीकडे.

मिक्सरची निम्मी दुरुस्ती कपलरची (मोटरची गती भांड्याला देणाऱ्या दातेरी चकतीची) असते. बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्यामुळे जोर लावून शाफ्ट वाकवणारे पुष्कळ. आणि बंद पडलेला मिक्सर उघडण्याआधी तळाचं लाल ओव्हरलोड बटण दाबून पाहा.

दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू परत देण्याआधी सिरीज बोर्डवर लावून तपासा : साध्या पिवळ्या दिव्याच्या सिरीजमध्ये वस्तू जोडायची. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो, फ्यूज जात नाही. नोंदवहीत वस्तू, दोष, बदललेला भाग आणि तपासणाऱ्याची सही असू द्या.

प्रश्न : बाबा टूल रूममधून (कारखान्यातल्या साचे-हत्यारं घडवणाऱ्या विभागातून) निवृत्त झाले. दिवसभर खिडकीत बसतात. जवळच अशी कार्यशाळा सुरू झाली आहे, पण ‘मला काय करायचंय तिथे’ म्हणतात. कसं पाठवू?
— एक वाचक, कळवा

‘तुमचं मन रमेल’ असं म्हणू नका. ज्याने तीस-पस्तीस वर्षं मायक्रोमीटरवर काम केलं त्याला ते औषध दिल्यासारखं लागतं. त्यांची गरज आहे असं काम पाठवा. शेडमधल्या कुणीतरी घरी येऊन विचारावं, ‘काका, आमच्या ड्रिलचा चक डगमगतोय, जरा बघता का?’ पहिल्या दिवशी एवढंच काम, एक तास. हजेरी घेऊ नका, गप्पांचा आग्रह नको. दुसऱ्या खेपेला त्यांना ड्रिलच्या बिटला धार लावायला द्या आणि शेजारी एखादा शिकायला बसवा. शिकवायला लागलेला माणूस सहसा टिकतो. तरीही जेवण, झोप सुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलत असतील तर कार्यशाळेची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची आवाजाबद्दल तक्रार आहे. नियम काय?
— एक वाचक, वाशी

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री (१० ते सकाळी ६) ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ड्रिल आणि सँडर ती सहज ओलांडतात. मशीनची वेळ ११ ते १ ठेवा, दुपारी फक्त हाताची कामं. टेबलाच्या पायांखाली रबर पॅड बसवा. बराचसा त्रास हवेतून नव्हे, स्लॅबमधून जातो. परीक्षांच्या दिवसांत मशीन बंद, हे कमिटीने विचारण्याआधी तुम्हीच फलकावर लिहा. भुसा ओल्या फडक्याने टिपा, झाडू नका, आणि घासकाम करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा.

प्रश्न : रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी आणि पेसमेकर असणाऱ्यांनी काम करावं का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

करावं, काम निवडून. गोळी घेणाऱ्याने पटाशी आणि करवतीऐवजी जोडणी, रंगकाम, वायरिंग घ्यावं. कापलंच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून पाहू नका. थांबलं नाही तर रुग्णालय. डोक्याला मार लागला तर रक्त आलं नाही तरी लगेच तपासणी. पेसमेकर असलेल्याने चालू ड्रिल छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर धरावं, आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आर्क वेल्डिंगच्या जवळ जाऊ नये. गोळ्यांची नावं आणि घरचा फोन लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावं.

प्रश्न : क्लबचा कॅरम दर पावसाळ्यात मधे खोलगट होतो. सोंगटी आपोआप मधे घरंगळते. दुरुस्त होईल?
— एक वाचक, घणसोली

होईल. वरची बाजू लॅकर मारून बंद असते, खालची कोरीच. पावसाळी हवा खालचा प्लाय पितो, फुगतो आणि बोर्ड मधे खाली झुकतो. तीन फुटी स्टीलची पट्टी कर्णावर ठेवून मधली फट मोजा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर काम सोपं आहे. बोर्ड उलटा करून पंख्याखाली आठवडाभर ठेवा, मधे सारखं वजन द्या, उन्हात टाकू नका. सरळ झाल्यावर, कोरड्या हवेत, म्हणजे नोव्हेंबरनंतर, खालच्या बाजूला पॉलीयुरेथेनचे दोन हात मारा. दोन हातांमध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. खालच्या आडव्या पट्ट्या सुटल्या असतील तर त्याआधी चिकटवून क्लॅम्प लावा, आणि स्क्रूची लांबी मोजूनच घ्या : प्लाय ८ मिलिमीटरचा असेल तर पट्टीतून वर जाणारं टोक ५ मिलिमीटरच्या पुढे नको, नाहीतर खेळायच्या पृष्ठभागावर फोड येतो. फट पाच मिलिमीटरच्या वर असेल तर प्लायच बदला, चौकट आणि जाळ्या जुन्या चालतील. खेळ संपल्यावर बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. दोन खुंट्यांवर सरळ उभा टांगा.