जानेवारीची पाणपक्षी गणना हुकली. फेब्रुवारी-मार्चमध्ये खान्देशातल्या तलावांवर मोजणी करून काही उपयोग आहे का? आणि मोठा थवा मोजायचा कसा?

उपयोग नक्की आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, कारण तेव्हा हिवाळी पाहुणे एका जागी स्थिरावलेले असतात. किती आले ते तिथे कळतं. पण कोण कधी निघालं, हे फेब्रुवारी-मार्चशिवाय कळत नाही, आणि ऊन तापायला लागलं की आपल्याकडे तलावावर फिरकणारे कमी होतात. त्यामुळे तुमची नोंद मोलाची ठरेल. अट एकच: एकच पाणवठा धरा आणि दर आठ-पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच जागेवरून मोजा. आज हतनूर धरण, पुढच्या रविवारी नकाणे तलाव असं केलंत तर सहली छान होतील, पण आकडे एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत.

हतनूरचंच घ्या. चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे, तिथलं पाणी आवर्तनं (शेतीसाठी सोडलेलं पाणी) सुटू लागली की मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. खोल पाण्यात बुड्या मारणारी लालसरी बदकं कमी होतात, चिखलात चोच खुपसणारे तुतवार आणि शेकाटे हे काठावरचे पक्षी वाढतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी पाणी कुठवर होतं ते लिहा. नाहीतर पक्षी घटले ते परतीला लागले म्हणून की पाणी आटलं म्हणून, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आता थव्याचं. एकेक पक्षी मोजत बसू नका. थव्याच्या एका कडेचे वीस नीट मोजा, त्या विसांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा आणि तेवढेच तुकडे टाकत पुढे सरका. थवा मधोमध दाट आणि कडेला विरळ असतो, तेव्हा तुकडा मधल्या भागात पुन्हा एकदा तपासून घ्या. दोघं असाल तर आकडा आधी आपापल्या वहीत लिहा, मग बोला. एकाने मोठ्याने सांगितला की दुसऱ्याचा हमखास त्याच्याकडे झुकतो. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला आला आणि सगळं उडालं, तर अंदाज ठोकू नका. थांबा, बसू द्या, पहिल्यापासून मोजा.

सूर्य पाठीशी हवा. समोरून ऊन आलं की वारकरी, लालसरी, थापट्या हे सगळे पाणपक्षी काळे ठिपके दिसतात. आणि आपला मार्च म्हणजे नऊ-साडेनऊलाच पाण्यावर झळा नाचायला लागतात, तेव्हा उजाडता उजाडता पोहोचा.

चक्रवाक या बदकाकडे मात्र सावकाश बघा. परतीचे दिवस जवळ आले की नराच्या गळ्याभोवती बारीक काळं कडं उठून दिसतं. मादीला ते नसतं. नुसतं 'चक्रवाक ४०' लिहिण्यापेक्षा त्यात कडंवाले किती, हेही लिहा. बारा-पंधरा दिवसांनी तेच काठ रिकामे दिसले, तर तिथे शून्य लिहा. ते शून्यच त्यांच्या जाण्याची तारीख ठरवायला कामी येतं. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी म्हणून टाका, म्हणजे न दिसलेले पक्षीही हिशेबात येतात.

अनेर धरण हे अभयारण्य आहे, तिथे वनविभागाची परवानगी घेऊनच जा. आणि कुठेही असा, पाणी ओसरल्यावर मध्येच उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर पाय ठेवू नका. पाहुणे निघायच्या सुमारास आपली नदी सुरय (हा पाणपक्षी) अशाच जागी अंडी घालते, तीही उघड्या वाळूवर, वाळूच्याच रंगाची. तुमच्यामुळे ती अंड्यांवरून उडून गेली, तर उन्हात अंडी भाजायला फार वेळ लागत नाही. बेटांची मोजणी काठावरूनच करा.